दुसरा आवाज

“मॅडम, माझा पेपर आपोआप बंद झालाय. मी काय चुकीचं दाबलं, तेवढं सांगा ना.”

ऑगस्टचा पहिला सोमवार होता. करोनाचं दुसरं वर्ष. आमच्या धुळ्याच्या कॉलेजातल्या ऑनलाइन शिक्षण विभागाच्या खोलीत मी आणि तडवी सर, असे दोघेच तोंडाला मास्क लावून बसलो होतो. तृतीय वर्षाचा शेवटचा पेपर चालू होता, अर्थशास्त्र, माझाच विषय. चारशे बारा मुलं आपापल्या घरी मोबाइल समोर ठेवून साठ प्रश्न सोडवत होती आणि त्यांची नावं माझ्या पडद्यावर हिरव्या रंगात ओळीनं दिसत होती.

“नाव सांग.”

“हेमांगी अहिरराव. नंबर एकशे अठ्ठेचाळीस.”

मी खाली सरकत गेले. एकशे अठ्ठेचाळीस लाल झाला होता. नावापुढे तीन खुणा. पहिली, नजर पडद्यावर नाही. दुसरी, नजर पडद्यावर नाही. तिसरी, खोलीत दुसरा आवाज.

“तुझ्या खोलीत कोण आहे?”

“कोणी नाही मॅडम. आई शेतात गेलीय.”

“मग बोलत कोण होतं?”

“फोन, मॅडम.”

“म्हणजे पेपर चालू असताना तू फोनवर बोलत होतीस?”

“मी नाही बोलत होते. फोन बोलत होता. तो मला...”

“हे बघ,” मी तिला मधेच तोडलं, “असली कारणं गेल्या वर्षी ऐकून झालीत माझी. तीन सूचना आल्या ना तुला?”

“नाही आल्या मॅडम. काहीतरी येत होतं, पण ते कळत नव्हतं. मॅडम, अजून अडतीस मिनिटं आहेत. मला सगळं येतंय.”

“सिस्टीमनं बंद केलंय. माझ्या हातात काही नाही. निकालानंतर प्राचार्यांच्या नावानं अर्ज कर.”

मी फोन ठेवला. तडवी सरांनी मान वर करून विचारलं, “काय झालं?”

“नेहमीचंच,” मी म्हटलं.

ह्या गोष्टीला आता पाच वर्षं होत आली.

तेव्हा मी असं का वागले, हे कळायला आदलं वर्ष सांगायला हवं. पहिल्या ऑनलाइन परीक्षेत आमच्या मुलांनी व्हॉट्सॲपवर उत्तरं फिरवली आणि तो सगळा प्रकार फोटोसकट वर्तमानपत्रात आला. प्राचार्य देवरे सरांनी मला बोलावून घेतलं. “निकुंभ मॅडम, हे तुम्हीच सावरू शकता,” असं ते म्हणाले आणि मला ते आवडलं. वर्षभर मी राबले. शेचाळीस व्हिडिओ केले, दर आठवड्याला चाचणी ठेवली, परीक्षेची नियमावली लिहिली. मुलांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर एका कंपनीकडून घेतलं. पाच सूचनांनंतर पेपर बंद व्हावा असं कंपनीचं म्हणणं होतं. तीनच ठेवा, हा आग्रह माझा. तडवी सर संगणकाचं सगळं बघायचे. ते म्हणाले होते, “मॅडम, एकदा दहा-बारा मुलांना चालवून बघायला देऊ या. त्यांना कुठे अडतंय ते कळेल.” मी म्हटलं, आता वेळ नाही. डिसेंबरात कॉलेजचा दर्जा ठरवणारी नॅकची समिती यायची होती आणि आमचा विभाग त्यांना दाखवायचा होता.

त्या सोमवारी संध्याकाळी मी प्राचार्यांना अहवाल दिला. चारशे बारापैकी फक्त एक पेपर बंद. सर खूश झाले.

बुधवारी अकराच्या सुमारास दारात दोघी उभ्या राहिल्या. पुढे नऊवारी नेसलेली उन्हानं रापलेली बाई, आणि तिच्या कोपराला धरून तिची मुलगी. मुलगी सडपातळ, केस घट्ट बांधलेले.

“निकुंभ मॅडम आहेत का?” मुलीनं विचारलं. तो आवाज मी ओळखला.

“मीच. ये. बस.”

मी खुर्ची पुढे ओढली. खुर्ची फरशीवर घासली तशी तिनं मान त्या आवाजाकडे वळवली, आणि हात पुढे करून खुर्चीची पाठ चाचपली. मग बसली. तिचे डोळे माझ्या खांद्याच्या वर कुठेतरी स्थिर होते.



“मॅडम,” ती म्हणाली, “मला दिसत नाही. जन्मापासून. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं होतं मला. ॲडमिशनच्या वेळी सर्टिफिकेट दिलं होतं.”

पिंपळनेरच्या कॉलेजात दोन वर्षं करून ती तिसऱ्या वर्षाला बदली घेऊन आमच्याकडे आली होती. तेव्हा आमचं कॉलेज बंदच होतं. तिचं सर्टिफिकेट ऑफिसच्या कपाटात पडून राहिलं आणि मी वर्षभर तिला शिकवलं, तिचं तोंड न बघता. माझ्या तासाला सगळ्यांचे कॅमेरे बंद असत. इंटरनेट वाचावं म्हणून मीच तशी सूट दिली होती.

“पण मग फॉर्म का नाही भरलास?” मला काहीतरी धरायला हवं होतं. “विशेष सुविधा हवी असेल त्यांनी कळवावं, अशी सूचना मार्चमध्येच वेबसाइटवर लावली होती.”

“ती मी उघडली होती. माझा फोन मला सगळं वाचून दाखवतो. त्या दिवशी तो फक्त ‘चित्र’ म्हणाला. मी चार वेळा उघडून बघितलं. चित्रच.”

ती सूचना मी स्वतः टाइप केली होती. प्राचार्यांची सही घेतली, शिक्का मारला, मग त्या कागदाचा फोटो काढून वेबसाइटवर चढवला. वाचता येईल असं अक्षर त्यात एकही नव्हतं.

इतका वेळ गप्प उभी असलेली आई एकदम पुढे आली. अहिराणीत म्हणाली, “मॅडम, मनी पोर चोरी करस नही.” आणि माझे पाय धरायला वाकली. मी तिचे हात धरले. हात खरखरीत, सालं निघालेले.

“आई, ऊठ,” हेमांगी म्हणाली. तिला न दिसता ते कळलं होतं. “मॅडम, मला बँकेत लिपिकाची नोकरी लागलीय. सहकारी बँक आहे, आमच्याच तालुक्यात. वीस तारखेपर्यंत पदवीचा निकाल दाखवायचाय. साठपैकी सदतीस प्रश्न माझे सोडवून झाले होते. पास व्हायला चोवीस लागतात. आज चार तारीख आहे.”

तिनं हे सगळं एका दमात सांगितलं. घरून पाठ करून आली असावी.

“मी बघते,” मी म्हटलं. “काहीही करून बघते.”

त्या दोघी गेल्यावर तडवी सर म्हणाले, “मॅडम, सप्टेंबरमधला एक तास उघडून बघा. मला आठवतंय थोडंसं.”

मी उघडला. मागणीच्या वक्ररेषेचा तास होता. पडद्यावर मी आलेख काढत होते आणि म्हणत होते, “हे बघा, हा इथून असा खाली येतो, आणि ह्याने त्याला इथे छेद दिला की हा बिंदू मिळाला.” खाली मुलांच्या संदेशांत एक ओळ होती. ‘मॅडम, हा म्हणजे कोण? इथे म्हणजे कुठे?’ नाव हेमांगी अहिरराव. व्हिडिओतली मी ती ओळ मोठ्यानं वाचते, क्षणभर थांबते, आणि म्हणते, “ज्यांना थट्टाच करायची आहे त्यांनी तास सोडून जावं.” मुलांचे हसण्याचे खूप इमोजी आले होते. त्यानंतर वर्षभराच्या तासांत तिचा एकही संदेश नव्हता.

पुढचे सहा दिवस मी वेड्यासारखी धावले. कंपनीला फोन केले. तिकडचा मुलगा दर वेळी गोड आवाजात सांगे, तक्रार नोंदवली आहे. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात फोन केला. ते म्हणाले, कॉलेजच्या समितीचा अहवाल आल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही. मी प्राचार्यांकडे गेले.

“समिती बसवायची म्हणजे चूक झाली असं कबूल करायचं,” सर म्हणाले. “डिसेंबर तोंडावर आलाय.”

“सर, मुलगी आंधळी आहे. ‘नजर पडद्यावर नाही’ म्हणून आपण तिचा पेपर बंद केलाय.”

त्यांनी समोरचं कॅलेंडर चाळलं आणि ते म्हणाले, “मंगळवारी घेऊ. मी, परीक्षेचे बच्छाव सर आणि तुम्ही. पण जे व्हायचं ते नियमानंच होईल.”

मी हेमांगीला कळवलं. तिनं विचारलं, “मॅडम, तुम्ही असाल ना तिथे?”

“असेन.”

“मग ठीक आहे.”

मंगळवारी, दहा तारखेला, दोघी सकाळच्या पहिल्या एसटीनं आल्या. प्राचार्यांच्या केबिनमध्ये लांब टेबल होतं. टेबलाच्या डोक्याशी देवरे सर, त्यांच्या डाव्या हाताला बच्छाव सर, उजव्या हाताला मी. समोर हेमांगी. आईला बाहेर बाकावर बसवलं होतं. तडवी सर लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात.

पेपरच्या वेळचं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर हेमांगीचा चेहरा, जरा तिरपा, मागे पत्र्याची भिंत. आणि खोलीत तो दुसरा आवाज. बारीक, सपाट आणि भयंकर वेगानं बोलणारा. एक शब्द कळेना.

“ही कुठली भाषा?” बच्छाव सर म्हणाले. “सर, हे सरळ सरळ सांकेतिक आहे. कोणीतरी उत्तरं सांगतंय.”

“तो माझा फोन आहे सर,” हेमांगी म्हणाली. “मी वेग वाढवून ठेवते. आम्ही सगळे तसंच ऐकतो. नाहीतर साठ प्रश्न ऐकण्यातच वेळ जाईल.”

“असं कोणाला कळतं होय?”

“मला कळतं.”

तडवी सर उठले. “सर, परवानगी असेल तर मी हे हळू करून लावतो.”

त्यांनी वेग निम्म्यावर आणला, मग आणखी कमी केला. खरखरत, ओढल्यासारखा एक बाईचा आवाज आला. प्रश्न सतरावा. खालीलपैकी कोणता कर अप्रत्यक्ष आहे. पर्याय अ. पर्याय ब. हेमांगीचं बोट पडद्यावर टेकतं. प्रश्न अठरावा. आम्ही सगळे ऐकत होतो. पेपर माझाच, पण कोणी वाचून दाखवताना मी पहिल्यांदा ऐकत होते.

पंचविसाव्या प्रश्नाच्या मध्येच तो आवाज थांबला आणि म्हणाला, “बटण. नाव नाही.”

पडद्यावरची हेमांगी थबकली. बोट सरकवलं.

“बटण. नाव नाही. चित्र. बटण. नाव नाही.”

तडवी सर हळूच म्हणाले, “ही पहिली सूचना. आपल्याला लाल चौकट दिसते, ‘पडद्याकडे बघा’ अशी. ती चौकट चित्रातली आहे. तिच्या फोनला ती वाचता येत नाही.”

मग अठ्ठाविसाव्या प्रश्नाला पुन्हा तेच. आणि सदतीस सोडवून झाल्यावर तिसऱ्यांदा. बटण, नाव नाही. पडद्यावरची ती मुलगी आता घाबरली होती. सगळीकडे बोट फिरवत होती. “काय आहे?” ती रिकाम्या खोलीत विचारत होती. “काय पाहिजे? कोणी सांगेल का?” मग तिचा चेहरा गेला आणि काळा पडदा आला.

बच्छाव सरांनी चष्मा काढून पुसला.

“ठीक आहे,” अखेर प्राचार्य म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. “कॉपी नाही, हे मला पटलं. आता हिला द्यायचं काय, ते बघू. बच्छाव सर, नियमावली.”

बच्छाव सरांनी माझीच नियमावली उघडली. नववा नियम वाचला. पेपर चालू असतानाच विद्यार्थ्यानं विभागाशी संपर्क साधून अडचण कळवली असेल, तर सोडवलेल्या प्रश्नांवर निकाल लावता येईल. तसा संपर्क नसेल, तर फेरपरीक्षा.

“फेरपरीक्षा नोव्हेंबरात,” ते म्हणाले. “आणि विभागाच्या नोंदवहीत त्या दिवशीच्या आलेल्या सगळ्या फोनच्या नोंदी आहेत. हिची नाही.”

नव्हतीच. मी ती केली नव्हती. खोटं कारण सांगणाऱ्या पोरीची नोंद कशाला करायची, असं मला वाटलं होतं. नोंद करणं माझं काम होतं, आणि ते न करणं हा कर्तव्यात कसूर धरला जाईल, हेही मीच लिहिलेल्या नियमावलीत होतं. माझं नाव तेव्हा विभागाच्या कायमच्या प्रमुखपदासाठी गेलेलं होतं.

प्राचार्यांनी विचारलं, “हेमांगी, नीट आठवून सांग. पेपर चालू असताना तू कोणाला फोन केला होतास का?”

हेमांगीनं मान वळवली. मी कुठे बसले आहे ते तिला माझ्या आवाजावरून ठाऊक होतं. तिचा चेहरा बरोबर माझ्याकडे आला. आता ही सांगणार, मी मनात म्हटलं, आणि सांगून टाक, असंही म्हटलं. दोन्ही खरं होतं.

“नाही सर,” ती म्हणाली. “लावला होता, पण लागला नाही.”

मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले.

“मग आमचा नाइलाज आहे, बेटा,” प्राचार्य म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. इतिवृत्त तिथल्या तिथे टाइप झालं. कॉपीचा ठपका नाही. फेरपरीक्षा नोव्हेंबरात. प्राचार्यांनी सही केली, बच्छाव सरांनी केली, आणि मीही केली.

बाहेर व्हरांड्यात ती आईजवळ उभी होती. आईला सगळं कळलं होतं. ती पदर तोंडात धरून भिंतीला टेकली होती. मी हेमांगीला थोडं बाजूला नेलं.

“खोटं का बोललीस तू?”

“तुम्ही का नाही बोललात?”

मी मास्क वर ओढला.

“मला वाटलं,” ती म्हणाली, आवाज न चढवता, “की तुमचं नाव घेतलं तर तुम्हालाच ह्यातून काढतील. मग माझ्या बाजूनं बोलायला कोण उरेल? सहा दिवस तुम्हीच तेवढ्या फोन करत होता मला. म्हणून मी तुम्हाला सांभाळून घेतलं. मग तुम्ही स्वतःहून सांगाल असं वाटलं. मी वाट बघत होते मॅडम. सर टाइप करायला सांगत होते तेव्हाही बघत होते. तुमच्या खुर्चीचा आवाजसुद्धा आला नाही.”

“हेमांगी...”

“आई, चल. एसटी जाईल.”

त्या जिन्याकडे वळल्या. ती आईच्या कोपराला धरून एकेक पायरी उतरत होती. मी ते अर्धा जिना होईपर्यंत बघत उभी राहिले, आणि मग मला उभं राहवेना. मी धावत केबिनकडे गेले. दार न वाजवता आत शिरले. चहा आलेला होता.

“सर, तिनं फोन केला होता. मला. अकरा बावीसला.”

प्राचार्यांनी कप खाली ठेवला.

“मी नोंद केली नाही. हा बघा.” मी माझा मोबाइल त्यांच्यापुढे धरला. विभागाचे फोन परीक्षेच्या दिवशी माझ्याच मोबाइलवर वळवलेले असत. अकरा बावीस, तीन मिनिटं चाळीस सेकंद. “तिनं मला सांगितलं होतं की फोन बोलत होता. मी ऐकून घेतलं नाही.”

“मॅडम, बसा आधी.”

“अजून आहे. माझ्या पडद्यावर ‘पुन्हा सुरू करा’ असा पर्याय होता. पेपरची वेळ संपेपर्यंत मी कोणाचाही पेपर परत उघडू शकत होते. त्याच सकाळी मी तिघांचे उघडून दिले, लाइट गेली म्हणाले म्हणून. तिची अडतीस मिनिटं शिल्लक होती. माझ्या हातात काही नाही, असं मी तिला सांगितलं. ते खोटं होतं.”

कोपऱ्यात तडवी सर लॅपटॉपची वायर गुंडाळत होते. त्यांचे हात थांबले. तो फोन हिचा होता आणि पेपर परत उघडता आला असता, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

“इतिवृत्तावर सह्या झाल्यात,” बच्छाव सर म्हणाले. “तुमचीसुद्धा.”

“मग माझ्या सहीखाली मी हे लिहिते.”

“निकुंभ मॅडम,” प्राचार्य सावकाश म्हणाले, “हे लिहिलंत तर मला चौकशी लावावी लागेल. प्रमुखपदाचं विसरा. नॅकपुढे तुम्हाला उभं करता येणार नाही. आणि मुलीला नोव्हेंबरात परीक्षा मिळतेच आहे. विचार करा.”

“तिची मुदत वीस तारखेला संपते सर.”

मी पेन घेतलं. पहिली ओळ गुळमुळीत झाली. ती खोडून पुन्हा लिहिली. खाली तारीख, वेळ, सही. प्राचार्यांनी तो कागद दोनदा वाचला. मग नवीन इतिवृत्त करायला सांगितलं.

सगळं इथे संपलं असतं तर बरं झालं असतं.

अहवाल अकरा तारखेला विद्यापीठात पोचला. मी स्वतः घेऊन गेले. तिथल्या बाबूनं सांगितलं की अशा प्रकरणावर सही करणारे साहेब रजेवर आहेत. तेरा तारखेला पुन्हा गेले. मग शनिवार, रविवार. सोळाला साहेब आले. त्यांनी एक शंका काढली आणि फाइल कॉलेजला परत पाठवली. मी तीच फाइल घेऊन सतराला परत तिथे. अठराला दिवसभर त्यांच्या दाराबाहेर लाकडी बाकावर बसून होते. शिपायाला माझी दया येऊ लागली होती, तो येता-जाता म्हणे, “मॅडम, आज होईल बघा.” एकोणीसला मोहरमची सुट्टी. वीसला मी बँकेत गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

“मी सोमवारपर्यंत थांबवू शकते असं तुम्हाला वाटतंय का?” त्या म्हणाल्या. “माझ्या हातात असतं तर थांबवलं असतं.”

त्यांचं खरं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. विचारायचा अधिकार मला उरला नव्हता. यादीतल्या पुढच्या उमेदवाराला शनिवारी बोलावणं गेलं. हेमांगीचा निकाल सोमवारी, तेवीस तारखेला लागला. सदतीसपैकी तेहेतीस उत्तरं बरोबर.

निकालाचा कागद घेऊन मी तिच्या गावी गेले. पिंपळनेरहून पुढे रिक्षा. घरापुढे मका उन्हात घातला होता आणि आई तो पायानं पसरत होती. मला बघून तिनं हात पुसले, खाट पुढे केली, आणि काही न बोलता चहा ठेवायला आत गेली. हेमांगी बाहेर आली, माझ्यासमोर खाली बसली.

“काय लिहिलंय, वाचा,” ती म्हणाली.

मी वाचलं. नाव, आईचं नाव, विषय, गुण. उत्तीर्ण.

“बँकेचं मला कळलंय,” ती म्हणाली. “फोन आला होता त्यांचा.”

“मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं. सोमवारी. मंगळवारी केबिनमध्ये तरी.”

“हो.”

आतून स्टोचा आवाज येत होता. मी म्हटलं, “विभाग आता बच्छाव सरांकडे आहे. तडवी सर सगळं बदलतायत. दोन मुलांना आणि एका मुलीला, ज्यांना दिसत नाही, त्यांना बसवून आधी चालवून बघणार आहेत. मी माझे व्हिडिओ पुन्हा करायला घेतलेत. सगळे शेचाळीस.”

“चांगलं आहे,” ती म्हणाली. “पुढच्यांना होईल.”

“तुला काही...”

“मॅडम, मी तुम्हाला माफ केलं, असं तुम्हाला ऐकायचंय. म्हणून तुम्ही कागद पोस्टानं न पाठवता इथवर आलात.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती दमलेली होती. “तुम्ही परत आत जाऊन सांगितलंत ते मला तडवी सरांनी कळवलं. सोपं नसणार. पण मला अजून नाही जमत. उगाच खोटं कशाला बोलू? एकदा बोलले तुमच्यासाठी.”

आई चहा घेऊन आली. साखर खूप होती. मी तो संपवला, कारण तिथे दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. निघताना हेमांगी अंगणाच्या कडेपर्यंत आली.

“जमलं तर कळवीन,” ती म्हणाली.

माझी चौकशी झाली, ठपका बसला. मी अजून त्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. व्हिडिओ पुन्हा करायला अकरा महिने लागले. आलेख शब्दांत सांगायला बसले तेव्हा लक्षात आलं की त्यातले काही मलाच नीट कळलेले नव्हते. हेमांगी दोन वर्षांनी दुसरी परीक्षा देऊन नाशिकला एका सरकारी कार्यालयात लागली. हेही तडवी सरांनी सांगितलं.

तिनं मला अजून काही कळवलेलं नाही.